तांबडी खूण

हरणाबाईला कॅन्सर झाला होता, आणि ही गोष्ट हरणाबाई सोडून सगळ्या जगाला ठाऊक होती. नवऱ्याला ठाऊक, लेकाला ठाऊक, सुनेला ठाऊक, पलूसच्या बहिणीला ठाऊक. एवढंच काय, वस्तीवर मेंढरं घ्यायला येणाऱ्या अर्जुना व्यापाऱ्यालाही ठाऊक! जिच्या अंगात ते निघालं तिला मात्र सांगितलं होतं, चरबीची गाठ हाय, काढली की झालं. आता याला काळजी म्हणावी का अडाणीपणा? दोन्ही होतं, आणि दोन्ही भरपूर होतं.

हरणाबाई म्हणजे पन्नाशी उलटलेली धनगराची बाई. म्हसवडच्या पलीकडं माळावर त्यांची वस्ती. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता पत्र्याच्या खोल्या झाल्या, थोडी ज्वारी, थोडं डाळिंब झालं, लेक धनाजी शिरवळच्या कंपनीत लागला, तरी नवरा नानासो आणि ती मेंढरं काही सोडत नव्हती. आंघोळ करताना तिच्याच हाताला छातीतली गाठ लागली. तिनं सून मायाला सांगितलं, मायानं धनाजीला, आणि धनाजीनं सुट्टी काढून आईला साताऱ्याला नेलं. गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी धनाजीला आत बोलावलं. आई बाहेर बाकड्यावर बसलेली.

"गाठ लहान होती, वेळेत निघाली," डॉक्टर म्हणाले. "पण आता सांगलीला रेडिएशन घ्यायचं. रोज जायचं, खंड पाडायचा नाही. अर्धवट सोडलंत तर परत उठू शकते. आईंना नीट समजावून सांगा."

धनाजीनं मान हलवली. बाहेर आला आणि आईला म्हणाला, "झालं आई. चरबीची गाठ हुती. आता जखम आतनं वाळायसाठी मशीनचा शेक घ्यायचा, बास."

"एवढंच सांगाय आत एवढा येळ?"

"गर्दी हुती गं."

आत एक धनाजी सोडून कोण होतं गर्दी करायला? हरणाबाई उठून त्याच्यामागं चालायला लागली. पण शंका तिथं जी मनात शिरली, ती पुढं हलायला तयार होईना.

वस्तीवर परत आली तर घरच बदललेलं. माया म्हणजे तोंडाची फटकळ पोर. भाकरीत मीठ जास्त का कमी यावरून सासू-सुनेची रोज एक लढाई ठरलेली. आता बघावं तर, "आत्या, तुमी बसा. आत्या, तुमी नका हात लावू." रोज दोन अंडी. एक दिवसाआड मटणाचा आळणी रस्सा, तोही वाटी भरून तिला एकटीला. आणि नानासो! लग्न झाल्यापासून ज्यानं पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही, तो ओसरीवर बसून डाळिंब सोलत होता आणि दाणे ताटलीत घालून बायकोपुढं सरकवत होता.

"तुमास्नी काय झालंय?" हरणाबाईनं विचारलं.

"मला कुठं काय. खा गं."

'गं' म्हणाला. हरणाबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. एरवी नानासो तिला 'हरणे' म्हणायचा. चारचौघांत बायकोचं नाव घेऊ नये, हे त्याला बापानं, आईनं, भावकीनं सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण माळावर मेंढरं पांगली की हा गडी टेकावरून बोंबलायचा, "हरणेऽऽ, वरल्या अंगाला वळीव की!" आणि मग तीच सवय घरात लागलेली. भांडताना हरणे, जेवताना हरणे. सगळी वस्ती हसायची. साताऱ्याहून आल्यापासून त्यानं एकदाही ते नाव घेतलं नव्हतं.

त्याच सुमाराला अर्जुना व्यापारी आला. दर वर्षीचा माणूस. हरणाबाईचं आणि त्याचं भावावरून असं काही जुंपायचं की शेजारच्या वस्तीवरचे लोक ऐकायला यायचे. या खेपेला तिनं मुद्दाम अवाच्या सवा भाव सांगितला. अर्जुनानं तिच्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं वैनी. तुमी म्हणशीला तसं."

"अर्जुना, बरा हायस न्हवं?"

"बरा हाय की. तुमी जपा वैनी."

मग त्यानं कळपात शिरून मेंढरांच्या पाठी चाचपल्या आणि निवडलेल्यांच्या पाठीवर तांबड्या रंगाचा एकेक फराटा ओढला. त्यात मोरी पण होती. मोरी म्हातारी झालेली, पण हरणाबाईनं तिला बोटानं दूध पाजून वाढवलेली. फराटा ओढला की मेंढरू व्यापाऱ्याचं झालं. तो सवडीनं येऊन घेऊन जायचा.

वस्तीवरची रीत जुनी आहे. खूण झालेल्या मेंढराला काठी लावायची नाही. लांब चालवायचं नाही. चांगला पाला हातानं चारायचा. त्याच्यासमोर विकल्याचा विषय काढायचा नाही. आणि त्याला नावानं हाक मारायची नाही. मेंढराला कळतं म्हणतात, मग ते खाणं सोडतं. हरणाबाईची सासू ही रीत पाळायची, हरणाबाईनं पाळली, मायालाही तिनंच शिकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीला सुबाभळीचा पाला चारत होती. तोंडावर आलेलं नाव गिळत होती. तेवढ्यात मागून नानासो आला आणि तिच्या हातात डाळिंबाची ताटली दिली. "खा गं," म्हणाला, आणि बघायचं टाळून निघून गेला.

हरणाबाईनं मोरीपुढचा पाला बघितला. आपल्या हातातली ताटली बघितली. ताटली तिनं तशीच खाली ठेवली.

त्या दिवसापासून बाईनं सगळ्यांवर नजर ठेवली. ती आत आली की बोलणं थांबायचं, फोन उलटा ठेवला जायचा. मग तिनं एक डाव टाकला. एकेकाला एकटं गाठून एकच सवाल विचारला. माझी गाठ कसली होती?

"चरबीची," धनाजी म्हणाला.

"दुधाची," नानासो म्हणाला आणि उठून गोठ्याकडं गेला.

"रगताची असती तसली," फोनवर बहीण साळूबाई म्हणाली.

माया तर सरळ रडायलाच लागली आणि म्हणाली, डोळ्यात काय तर गेलं.

"वा रं वा!" हरणाबाई स्वतःशी म्हणाली. "येक गाठ आन तिला तीन बाप. ठरवून खोटं बोलायचं तरी जमतंय का यास्नी?"

रागानं ती तणतणली खरी, पण आतून हादरली होती. लपवतात म्हणजे वाईटच काहीतरी. आणि वाईट तरी कुठलं? आपण मरणार आहोत का? का आपल्या जिवावर यांनी काही ठरवून टाकलंय? आपल्याच माणसांबद्दल असलं मनात येतंय याची तिला लाज वाटायची, आणि तरी यायचंच.

सांगलीला रोज जायचं तर म्हसवडहून जमणार नाही, म्हणून पलूसला साळूबाईकडं मुक्काम ठरला. धनाजीनं कंपनीत बिनपगारी रजा टाकली. पलूसहून एसटीनं सांगली, शेक घेऊन परत. पहिल्याच दिवशी एसटीत शेजारी एक बाई बसली. कुठं निघाला, काय झालंय, सगळं विचारून झालं. हरणाबाईनं काय झालंय ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं, तशी बाई तिच्या कानाशी लागली.

"माज्या नणंदंच्या गावात यकाला असाच नेला पोरांनी. काय झालंय ते सांगिटलंच न्हाई. नंतर कळलं, किडनी गेली. जपा बाई. आपलं आतलं काय ऱ्हायलं आन काय गेलं, आपल्याला कुठं दिसतंय?"

ऐकीव गोष्ट, ना गावाचा पत्ता ना माणसाचा. एरवी हरणाबाईनं असल्या गप्पा उडवून लावल्या असत्या. पण ज्याच्या घरातलेच तोंडाला कुलूप लावून बसलेत, तो परक्याचं ऐकणार नाही तर काय करणार?

दवाखान्यात तिला थंडगार खोलीत एका टेबलावर झोपवलं. वरद नावाचा टेक्निशियन होता, हसऱ्या तोंडाचा. "मावशी, हलायचं नाही हं," म्हणाला. सोबतीला नर्स उभी होती. त्यांनी काय काय मापं घेतली आणि मग ब्रश शाईत बुडवून तिच्या छातीवर, कुशीला रेघा ओढायला सुरुवात केली.

हरणाबाईनं मान उचलून बघितलं. शाई तांबडी होती.

"ह्ये काय करताय?"

"खुणा आहेत मावशी. यांना साबण लावायचा नाही, घासायचं नाही. पुसल्या जाता कामा नयेत. घरच्यांनी सांगितलंय ना सगळं?"

 पदर ओढून घेऊन ती बाहेर आली. धनाजी उठला आणि त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "आई, ती खूण पुसायची न्हाई बरं का. अजाबात."

"कशाची खूण?"

"शेक द्यायची जागा कळायला."

"आन मला का न्हाई कळायची?"

"आई, तू लय इचारतीस. चल, गाडी जाईल."

शेक सुरू झाला. मशीन अंगाभोवती फिरायचं, घूं घूं व्हायचं, दुखायचं काही नाही. तेच तिला जास्त खटकायचं. दुखत नाही, खुपत नाही, मग हे करतंय तरी काय? आणि पलूसला गेलं की साळूबाई तूप वाढून वाढून जेवायला घालायची. "खा अक्का, ताकद आली पायजे." अंगणात फिरायला निघाली तर, "नगं, बस तू." मारत नाहीत, चालवत नाहीत, हातानं भरवतात, समोर विषय काढत नाहीत, नावानं हाक मारत नाहीत. आणि आता खूण. सगळ्या रीती पुऱ्या झाल्या होत्या. जन्मभर तिनं त्या दुसऱ्यांवर केल्या होत्या, तिला कोण फसवणार?

एका रविवारी दवाखाना बंद होता. दुपारी धनाजी बाजारात गेलेला, साळूबाई शेजारी. मायाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि बोलता बोलता माया म्हणाली, "अर्जुनाभाऊ येऊन मेंढरं घेऊन गेलं आत्या. मोरी बी गेली. जाताना लय गप हुती."

हरणाबाईनं फोन ठेवला. मोरी गेली. नाव घेऊन एक हाक मारायची राहून गेली. तिला रडू फुटलं. रडणं थांबलं तशी ती उठली, चुलीतली राख घेतली, न्हाणीत शिरली, दार लावलं. पाय घासायची वजरी तिथंच कोनाड्यात होती. साबण घेतला आणि बाई त्या रेघांवर तुटून पडली. कातडी आधीच शेकानं हुळहुळी झालेली, भाजल्यासारखी आग होत होती. दात-ओठ खाऊन ती घासत राहिली. रेघ पुसली, तिच्या खालचं कातडं सोललं, तरी घासत राहिली.

"मी कुणाला इकलेली न्हाई," ती म्हणत होती. "कुणाच्या बाला इकलेली न्हाई."

सोमवारी वरदनं गाऊन बाजूला केला आणि त्याचं हसू मावळलं. खुणा नव्हत्या. खुणांच्या जागी लालबुंद, सोललेलं कातडं.

"मावशी! हे काय केलंत?"

मशीन बंद झालं. धनाजीला आत बोलावलं. त्यानं आईकडं बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आई, तुला हज्जारदा सांगितलं हुतं! येवढं येक काम सांगितलं हुतं तुला! येडी हायस का तू?"

हरणाबाई टेबलावर उठून बसली. गाऊन गळ्यापर्यंत ओढून घेतला. "व्हय, येडी हाय. येडी म्हणूनच मला कुणी काय सांगत न्हाई. आता हितनं मी हलतच न्हाई. पुलीस बोलवा न्हाईतर कोण बी बोलवा. माझं काय काढून घ्यायचंय ते माज्या तोंडावर सांगा."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आल्या. मयूरी मॅडम, सांगलीच्याच, चष्मेवाल्या, वयानं धनाजीएवढ्या. त्यांनी आधी जखम बघितली, नर्सला मलम आणायला सांगितलं आणि मग स्टूल ओढून हरणाबाईसमोर बसल्या.

"काढून काही घ्यायचं नाहीये मावशी. असं का वाटलं तुम्हाला?"

"मंग ह्यो रंग कशाला? आमच्यात असला रंग इकलेल्या मेंढराला लावत्यात."

 मयूरी मॅडम धनाजीकडं वळल्या. "तुम्ही मला म्हणालात, आईंना सगळं सांगितलंय."

धनाजी भिंतीकडं बघायला लागला. "मॅडम, जरा भायेर या. मी सांगतो."

"भायेर न्हाई!" हरणाबाई कडाडली. "साताऱ्यात बी भायेरच झालं समदं. आता जे काय हाय ते हितं, माज्या म्होरं. माझं अंग हाय का त्येचं?"

"आई, नगं ना."

"तू गप."

मॅडम उठल्या नाहीत. "मावशी, तुम्हाला ऐकायचंय?"

हरणाबाईनं टेबलाची कड घट्ट धरली. आता खरं तर तिला ऐकायचं नव्हतं. उठून पळून जावं, माळावर जावं, असं वाटत होतं. "सांगा," ती म्हणाली.

"तुमच्या छातीत जी गाठ होती ती कॅन्सरची होती."

 हरणाबाईनं लेकाकडं बघितलं. तो तोंडावर हात घेऊन रडत होता. लहानपणी मेंढ्यानं धडक दिली होती तेव्हा रडला होता तसाच, नाक ओढत. तेवढ्यानं तिला पटलं की हे खरं आहे.

"मरणार का मी?" तिनं विचारलं.

"गाठ लहान होती. पूर्ण निघाली आहे. बाजूला कुठं पसरलेली नाही. हा जो शेक आहे ना, तो उरलंसुरलं काही असेल तर ते जाळण्यासाठी. पुरा घेतलात तर बहुतेक बायका चांगल्या होतात. नक्की म्हणून मी सांगणार नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या बाजूनं बरंच काही आहे."

"आन रेघा?"

"मशीन कुठं सोडायचं ते त्या रेघांवरून ठरतं. जरा इकडंतिकडं झालं तर नको तिथं लागेल. खाली काळीज आहे, फुप्फुस आहे."

हरणाबाईनं आपल्या छातीकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "म्हंजी म्या माज्या हातानं वाट पुसली?"

"पुसली खरी." मॅडमनी लपवलं नाही. "कातडी सोलली आहे, भरून येईपर्यंत आता थांबावं लागेल. मग परत मापं घ्यायची, परत खुणा. खंड पडायला नको होता. पण लवकर भरलं तर अजून बिघडलेलं नाही. मलम लावा, सैल सुती कपडा घाला, उन्हात जाऊ नका."

"त्येला नगा सांगू. मला सांगा. मलम किती बारी? आंगूळ करायची का न्हाई? भाकरी थापली तर चालंल का? हात वर न्हेला तर वढ बसती, ती कशानं?"

ती एकेक विचारत गेली आणि मॅडम एकेक सांगत गेल्या. बाहेरची रांग ताटकळली, नर्स दोनदा डोकावून गेली. आपण कधीच विचारलं नाही ते सगळं या बाईच्या पोटात साठून होतं, हे धनाजीला कोपऱ्यात उभ्या उभ्या कळत होतं. शेवटी हरणाबाई म्हणाली, "हितनं म्होरं जे काय आसंल ते पैल्यांदा मला सांगायचं मॅडम. पोराला न्हाई. पोराला मी सांगीन."

"तसंच करू," मॅडम म्हणाल्या. "चूक आमचीही आहे. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

सांगलीच्या स्टँडवर दोघं मायलेकरं बाकड्यावर बसली. पलूसची गाडी लागून सुटली तरी उठली नाहीत.

"का रं धनाजी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तो मघाशीच संपला होता.

"आत्तीचं आठवत न्हाई का तुला?" धनाजी म्हणाला. आत्ती म्हणजे नानासोची, त्याच्या आण्णांची, धाकटी बहीण. "डॉक्टर म्हणालं हुतं, बरी हुईल. तिनं नुसतं नाव ऐकलं आन भिताडाकडं तोंड करून निजली. अन्नच घितलं न्हाई. रोगानं न्हाई गेली ती, नावानं गेली. आण्णा म्हणालं, हिला कळू द्याचं न्हाई, मेंढराला कळू देत न्हाई तसं. आमाला काय दुसरं येतंय का आई? जे येत हुतं ते केलं."

हरणाबाईला आता उमगलं. त्यांनी लपवलं होतं ते ती जगावी म्हणून. आणि तिनं ओळखलं होतं ते तिला विकली म्हणून. रीत एकच, माळ एकच. आत्तापर्यंत हातानं पाला चारून किती जणींना तिनं असंच गप ठेवलं होतं.

"मेंढराला पुढची वाट न्हाई रं, म्हणून सांगत न्हाई," ती म्हणाली. "मला हाय म्हणत्यात त्या मॅडम. मंग मला का न्हाई सांगायचं? आन मी काय तुजी आत्ती हाय व्हय? मी जेवन सोडीन? ही हरणी?"

धनाजीला हसू आलं, आणि हसता हसता परत रडू आलं.

"फोन लाव तुज्या बाला."

फोन लागला. नानासो माळावर होता, वारा ऐकू येत होता. हरणाबाईनं प्रस्तावना वगैरे केली नाही. "आवं, मला कॅन्सर झालाय. मला कळलंय. म्या खुणा घासून काढल्या, आता घाव भरस्तवर थांबाय लागंल. भ्या वाटतंय मला. लय भ्या वाटतंय. पन जेवती मी. आयकताय न्हवं?"

पलीकडून नुसता वारा. मग नानासोनं फोन कट केला.

"बगितलंस? ह्येच्यासाठी सांगत नव्हतो," धनाजी म्हणाला.

वाट बघण्याचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी हरणाबाई आरशासमोर उभी राहून जखम बघायची. जरा वाळली की हायसं वाटायचं, जरा ओली दिसली की जीव घाबरा व्हायचा. तेवढ्यात आत काही परत उठत असलं तर? आपल्याच हातानं केलं, दुसऱ्याला शिव्या तरी कशा द्यायच्या? रात्री झोप लागायची नाही. पण बाईनं मलम चुकवलं नाही, जेवण चुकवलं नाही. आणि साळूबाईला पहिल्याच दिवशी दम दिला, "त्वांड पाडून वाढणार आसशील तर मी माझं वाढून घीन. आन अंगणात मी फिरणार." शेजारणीनं येऊन दबक्या आवाजात विचारलं, अक्कांना काय झालंय? साळूबाई चाचरायला लागली, तर हरणाबाई आतूनच ओरडली, "कॅन्सर झालाय, बरा व्हायाय लागलाय. च्या घेणार का?" शेजारीण चहा न घेताच गेली, पण दुसऱ्या दिवशी परत आली, आणि पदराआडून आपलीही गाठ दाखवली. हरणाबाईनं तिला तशीच हाताला धरून धनाजीपुढं उभी केली. "आमच्यासंगं चल सांगलीला. आन आत डॉक्टरकडं जाताना सोता जायाचं, कुणाला म्होरं धाडायचं न्हाई."

नानासोचा फोन मात्र आला नाही. तिनं दोनदा केला, त्यानं उचलला नाही. माया म्हणाली, आण्णा बोलतच नाहीत कुणाशी, मेंढरांबरोबर जातात आणि उशिरा येतात. हरणाबाईला ते सगळ्यात जास्त लागलं. आपण नाव घेतलं आणि ह्या माणसानं भिंतीकडं तोंड केलं.

अखेर मॅडमनी जखम बघितली आणि म्हणाल्या, भरली. परत मापं झाली. वरद शाईची बाटली घेऊन आला तशी हरणाबाई म्हणाली, "थांब. आरसा दे आधी."

नर्सनं कुठूनसा आरसा आणला. हरणाबाईनं तो एका हातात धरला आणि प्रत्येक रेघ ओढताना बघत राहिली. ही कशाची? ही कुठवर? हिच्या खाली काय? वरद सांगत होता. तांबडी शाई अंगावर उतरत होती. तिला अजून भीती वाटत होती. पण या खेपेला रेघ कुणासाठी आहे ते तिला ठाऊक होतं.

"बरुबर घातलीस का?" तिनं विचारलं.

"बरोबर मावशी."

"मंग चालू कर तुजं मशीन."

शेक घेऊन, पदर सावरून ती खोलीबाहेर आली. बाहेर पेशंटांची रांग, नातेवाईक, कोणी डबे घेऊन, कोणी पिशव्या घेऊन. दबक्या आवाजात बोलत बसलेली सगळी. तिनं धनाजीला शोधायला नजर टाकली, तोच लांबच्या टोकाकडून, जिन्याच्या बाजूनं, अख्खा दवाखाना दणाणला.

"हरणेऽऽ!"

जिन्याच्या तोंडाशी नानासो उभा होता. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. रांगेतली सगळी माणसं मान वळवून त्याच्याकडं बघायला लागली. एक नर्स बोट ओठांवर ठेवून त्याच्याकडं निघाली. त्याला कशाचं भानच नव्हतं.

"हरणे! कवाधरनं हुडकतुया तुला! कुठं गेल्तीस?"

हरणाबाईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ती तशीच रांगेमधून वाट काढत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मेंढरं कुणाकडं सोडून आलाय?"

"अर्जुनाकडं."

"अर्जुनाकडं? यापाऱ्याकडं मेंढरं? डोस्कं फिरलंय का तुमचं?"

"मंग काय करू? येकटा करमंना मला," नानासो म्हणाला, आणि त्या भरल्या दवाखान्यात हा गडी पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. "फोनवर त्वांडातनं शबुद फुटंना. हरणे, आयकतीस का? हरणे."

"हळू वरडा," ती म्हणाली. "आयकतीया. हितंच हाय मी."